मुलाच्या लिव्हरची तपासणी सांगितली आहे? पुण्यातल्या आईबाबांसाठी एकेक पायरी

गेली बरीच वर्षं मी पुण्यात लहान मुलांच्या सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय तपासण्या करते. माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांच्या हातात एक चिठ्ठी असते. ही तपासणी कशासाठी, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "डॉक्टरांनी करून घ्या म्हणून सांगितलंय." दवाखान्यात गर्दी असते, विचारायचं राहून जातं, हे मला समजतं. पण लिव्हरच्या बाबतीत ते राहून चालत नाही. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर शोधायला असते. तो प्रश्न कोणता, हे डॉक्टरांना विचारा, चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून घ्या आणि मगच तपासणीला या. मुलाची नको ती टोचाटोची वाचते, पैसे वाचतात आणि जिथे दिवस मोजायचे असतात तिथे दिवसही वाचतात.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर आधी शी बघा

ही तपासणी घरीच होते आणि तिला एक पैसा लागत नाही. लंगोट किंवा डायपर खिडकीशी न्या आणि दिवसाच्या उजेडात शीचा रंग बघा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. पिवळी, हिरवट, मोहरीसारखी शी असेल तर पित्त आतड्यात उतरतंय. पांढुरकी, राखाडी, गणपतीच्या शाडूसारखी दिसली तर पित्त अडलेलं असू शकतं. सोबत लघवीही बघा. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते, त्यामुळे दुपट्याला पिवळा डाग पडत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

एकदा एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत लंगोट बांधून घेऊन आल्या. सून संकोचली होती. आजींनी सरळ खिडकीपाशी जाऊन लंगोट उलगडला आणि म्हणाल्या, "आमच्या चारही पोरांची अशी कधी नव्हती." शी ओल्या शाडूच्या रंगाची होती. बाळ ३९ दिवसांचं होतं. त्या लंगोटाने आमचं निम्मं काम केलं. म्हणून सांगते, लाजू नका. निदान दोन-तीन दिवसांचे फोटो उजेडात काढून मोबाइलमध्ये ठेवा. तैवानमध्ये २००४पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आईला शीच्या रंगांचं कार्ड देतात, ते याचसाठी.

आता दिवसांचा हिशेब. नवजात बाळाची कावीळ पुष्कळदा साधी असते आणि आपोआप उतरते. पण पूर्ण दिवसांचं बाळ १४ दिवसांनंतरही पिवळं दिसत असेल तर "कोवळं ऊन दाखवा, जाईल" यावर थांबू नका. रक्तात बिलिरुबिन (कावीळ आणणारा पिवळा घटक) तपासून घ्या, आणि एकूण आकड्याबरोबर त्यातलं 'डायरेक्ट' किती हे वेगळं मागा. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ती साधी कावीळ नव्हे. ती उन्हाने जात नाही, दिव्याखाली ठेवूनही जात नाही. गळ्यात माळ घालून किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन तर नाहीच.

एवढी घाई कशासाठी, तर बिलिअरी अट्रेशिया नावाच्या आजारासाठी. यात लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या जन्मानंतरच्या आठवड्यांत बुजत जातात आणि साचलेल्या पित्ताने लिव्हर आतून कडक होत जातं. जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५९मध्ये यावरची शस्त्रक्रिया मांडली. बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचा तुकडा थेट लिव्हरच्या तोंडाशी जोडायचा, अशी ती आहे. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त असते. पुढे प्रत्येक आठवड्याने ती घटते. या बाळांची वाढ सुरुवातीला छान असते, ती हसतात, दूध पितात. त्यामुळे घरच्यांना धोका जाणवत नाही.

सोनोग्राफीला येताना

सोनोग्राफीत किरण नाहीत, सुई नाही, भूलही नाही. त्यामुळे पहिली तपासणी हीच. पण पोट रिकामं हवं. दूध पोटात गेलं की पित्ताशय आकसतं आणि आकसलेलं पित्ताशय शोधणं कठीण होतं. तान्ह्या बाळाला ३ ते ४ तास, मोठ्या मुलाला ६ तास उपाशी ठेवा. बाळाला चार तास उपाशी ठेवणं म्हणजे काय, हे घरात बाळ असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे सकाळची पहिली वेळ मागून घ्या. शेवटचं दूध पहाटे पाजा आणि ट्रॅफिकचा अंदाज धरून निघा. तपासणी संपेपर्यंत थांबा, मग तिथेच बाळाला पाजा. कधी कधी पाजल्यानंतर आम्ही पुन्हा बघतो, कारण दुधानंतर पित्ताशय आकसलं की नाही यातूनही काही कळतं.

मी नवी होते तेव्हाची एक चूक सांगते. रिक्षात बाळ रडायला लागलं म्हणून आईने पाजलं होतं. मी ते विचारलंच नाही आणि रिपोर्टात लिहिलं, 'पित्ताशय दिसत नाही'. पित्ताशय न दिसणं ही बिलिअरी अट्रेशियाची मोठी खूण आहे. त्या आईबाबांनी दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या दिवशी रिकाम्या पोटी पुन्हा बघितलं तर पित्ताशय व्यवस्थित होतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: शेवटचं दूध किती वाजता? तुम्हाला कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगा.

पडद्यावर मी काय शोधते? पित्ताशय आहे का, त्याचा आकार कसा आहे, भिंत गुळगुळीत आहे की वेडीवाकडी. लिव्हरच्या तोंडाशी, मुख्य रक्तवाहिनीच्या पुढे, ४ मिलिमीटरपेक्षा जाड पांढरा पट्टा दिसतो का. तो दिसला तर संशय बळावतो. पित्तनलिकेला फुगा आलाय का, त्याला कोलेडोकल सिस्ट म्हणतात. प्लीहा वाढली आहे का, पोटात पाणी आहे का. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून बिलिअरी अट्रेशिया नाही, असं होत नाही. शी पांढरी असेल तर नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी बसू नका.

पुढची पायरी हायडा स्कॅन किंवा लिव्हरची बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं. हायडामध्ये अगदी थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि ते पित्ताबरोबर आतड्यात उतरतं का, हे २४ तासांपर्यंत बघतात. त्याआधी साधारण पाच दिवस फिनोबार्बिटोन हे पित्ताचा प्रवाह वाढवणारं औषध द्यावं लागतं. बाळ ५० दिवसांच्या पुढे असेल तर हे पाच दिवसही जड जातात. अशा वेळी "हायडासाठी थांबायचं की थेट बायोप्सी आणि सर्जनकडे जायचं?" हा प्रश्न बालशल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारा. शेवटचा निर्णय ऑपरेशन टेबलवर पित्तमार्गात डाय (चित्रात उठून दिसणारं औषध) सोडून काढलेल्या एक्स-रेने होतो. त्यात पित्तमार्ग मोकळा दिसला तर कासाई करत नाहीत, त्यामुळे सर्जनकडे गेलो म्हणजे ऑपरेशन झालंच, अशी भीती बाळगू नका.

याच टप्प्यावर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासलंय ना, हे बघा. पित्त अडलं की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला उशीर लागतो. पिवळ्या बाळाच्या बेंबीतून किंवा नाकातून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

शाळकरी मुलांची कावीळ

मोठ्या मुलांत कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून, हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूमुळे होते आणि विश्रांतीने बरी होते. तिथे सोनोग्राफीचं काम थोडंच असतं. मूल गुंगीत जायला लागलं, बरळायला लागलं, आयएनआर वाढत गेला तर मात्र ते काम लिव्हर तज्ज्ञांचं.

कावीळ पुन्हा पुन्हा येत असेल, लांबली असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर विल्सन आजार डोक्यात हवा. यात शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये आणि मेंदूत साचतं. सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत दिसेल, पण कारण दिसणार नाही. त्यासाठी सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बुबुळाभोवतीच्या कड्याची तपासणी लागते. निदान झालं तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करा, ती ठणठणीत दिसत असली तरी. गोळ्यांनी काबूत राहणारा हा आजार आहे, उशीर झाला तर मात्र लिव्हर बदलण्यावर येतं.

तांब्याचा विषय निघालाच आहे तर एक पुण्याची गोष्ट सांगायलाच हवी. इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस नावाचा आजार एके काळी आपल्याकडे एक ते तीन वर्षांच्या मुलांचे जीव घेत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत हे काम केलं, आणि १९८३मध्ये त्यांचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले. तान्ह्या बाळांना पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं वरचं दूध मिळत होतं आणि त्या दुधातून तांबं लिव्हरमध्ये साचत होतं. कल्हई केलेल्या भांड्यातून तांबं उतरत नाही, कल्हई उडालेल्यातून उतरतं. स्टीलची भांडी आली तसा आजार जवळपास नाहीसा झाला. आज पुन्हा तांब्यापितळेची हौस आली आहे. तांबट आळीतून हौसेने भांडं आणा, पण बाळाचं दूध त्यात तापवू नका.

जाड मुलांमधल्या फॅटी लिव्हरबद्दल इथे थोडक्यातच: सोनोग्राफी चरबी दाखवते, फायब्रोस्कॅन कडकपणा मोजतो, आणि दोन्हींच्या आधी एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी बघतात.

पोटात गाठ लागली तर

आंघोळ घालताना आईच्या किंवा आजीच्या हाताला उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागतं. मुलाला दुखत नसतं, कावीळही बहुधा नसते. पोट मोठं दिसतंय, ते जंतांमुळे असेल असं समजून औषध दिलेलं असतं. गाठ पुन्हा पुन्हा दाबून बघू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा.

इथे सोनोग्राफीला विचारायचा प्रश्न असा: गाठ लिव्हरची आहे की शेजारची? मूल श्वास घेतं तेव्हा गाठ लिव्हरसोबत सरकते की लिव्हर तिच्यावरून घसरतं, हे मी बघते. किडनीच्या आणि किडनीवरच्या ग्रंथीच्या गाठीही तिथेच लागतात. मग ती भरीव आहे की पाण्याची, एक आहे की अनेक, आणि रक्तवाहिन्यांत शिरली आहे का, हे डॉपलरने (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने) ठरवते.

सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. ताप आणि दुखणं असेल तर पू झालेला असू शकतो, तो सोनोग्राफीखाली सुईने काढता येतो. मेंढ्या-कुत्र्यांशी संबंध येणाऱ्या घरात हायडॅटिडची पाण्याची गाठ होते. काही महिन्यांच्या बाळाच्या अंगावर पाच किंवा जास्त लाल चट्टे असतील तर लिव्हरमध्येही तसेच रक्तवाहिन्यांचे गोळे असू शकतात. त्यांना हेमँजिओमा म्हणतात. त्यांची ठेवण सोनोग्राफी आणि एमआरआयवर अशी ओळखू येते की पुष्कळदा बायोप्सी लागत नाही. थायरॉइड आणि हृदय मात्र तपासावं लागतं. बऱ्याच बाळांना प्रोप्रॅनोलॉल हे औषध पुरतं, काहींना तेही लागत नाही.

कॅन्सरच्या गाठींत लहान मुलांत सर्वांत जास्त आढळते ती हेपॅटोब्लास्टोमा, बहुधा तीन वर्षांच्या आतल्या मुलांत. फार कमी वजनाच्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांत तिचा धोका जास्त असतो. तिची खूण रक्तात मिळते: अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे एएफपी. सुमारे ९० टक्के मुलांत हा आकडा खूप वाढलेला असतो. पण इथे एक सावधगिरी. नवजात बाळाचा एएफपी मुळातच हजारोंमध्ये असतो आणि आठ महिने ते वर्षभरात खाली येतो. रिपोर्टावर शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा मोठ्या माणसांची असते. दोन महिन्यांच्या बाळाचा आकडा त्या मर्यादेशी ताडून बघू नका. वयाच्या तक्त्याशी लावून अर्थ डॉक्टरांनाच सांगू द्या.

सीटी की एमआरआय?

लिव्हरच्या गाठीसाठी शक्य तिथे एमआरआय चांगला. त्यात किरण नाहीत, आणि लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असा डाय दिला तर २० मिनिटांनंतरच्या चित्रांत छोट्या गाठीही वेगळ्या दिसतात. अडचण अशी की ३० ते ४५ मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं, म्हणजे लहान मुलाला भूल. सीटी काही सेकंदांत होतो, पण त्यात क्ष-किरण असतात. फुप्फुसांत गाठ पसरली आहे का हे बघायला छातीचा सीटीच लागतो, कारण हेपॅटोब्लास्टोमा पसरली तर आधी तिथे जाते.

सीटी करायचाच असेल तर दोन प्रश्न विचारा. मुलांच्या वजनाप्रमाणे डोस लावणार ना? आणि पोटाचे किती फेरे घेणार? मोठ्या माणसांत तीन-चार फेरे घेतात. मुलाला बहुधा डाय दिल्यानंतरचा एक, फार तर दोन पुरतात. एका मुलीचा चार फेऱ्यांचा सीटी बाहेरून माझ्याकडे आला होता. त्यातल्या दोन फेऱ्यांत आम्हाला उपयोगी पडेल असं काहीच नव्हतं, किरण मात्र त्या एवढ्याशा पोटाने चारही फेऱ्यांचे घेतले होते.

सीटी-एमआरआय झाला म्हणून आधीची सोनोग्राफी फेकून देऊ नका. सहा ते दहा वर्षांच्या मुलांत होणारी सार्कोमा या कॅन्सरची एक गाठ सीटीवर पाण्याने भरलेली भासते आणि सोनोग्राफीवर भरीव दिसते. दोन्ही शेजारी ठेवले तरच ती हायडॅटिडपासून वेगळी ओळखू येते.

भुलेसाठी उपास ढोबळमानाने असा: पाणी २ तास, आईचं दूध ४ तास, वरचं दूध आणि खाणं ६ तास आधी बंद. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. भूल पुढे ढकलणं परवडतं. एमआरआयच्या दिवशी वाळे, मनगट्या, ताईत, चांदीचा करदोटा घरी काढून ठेवा. करदोटा काढायचा नाही असं आजीला वाटत असेल तर आदल्या रात्रीच बोलून घ्या. मशीनच्या दारात तो वाद नको.

गाठ हेपॅटोब्लास्टोमा वाटली की रिपोर्टात 'प्रीटेक्स्ट' १ ते ४ असा आकडा येतो. भाकरीचे चार चतकोर करा, तसे लिव्हरचे चार भाग धरतात. लागून असलेले तीन चतकोर गाठीपासून मोकळे असतील तर १, दोन मोकळे असतील तर २, एकच मोकळा असेल तर ३, एकही नसेल तर ४. हा कॅन्सरचा 'स्टेज' नव्हे. आकडा ४ ऐकून हातपाय गाळू नका. केमोने गाठ आकसते, मग पुन्हा चित्रं काढून तोच हिशेब नव्याने मांडतात, आणि तेव्हा सर्जन ठरवतात की किती लिव्हर काढता येईल. उरलेलं लिव्हर वाढून भरून येतं. काढता येण्याजोगं नसेल तर प्रत्यारोपणाचा मार्ग असतो, आणि ते पुण्यातही होतं.

बायोप्सीबद्दल सगळे एकच विचारतात: "सुई लावली की गाठ पसरते का?" सोनोग्राफीत बघत, निरोगी लिव्हरमधून वाट काढत सुई नेली तर हा धोका फार कमी असतो, आणि नेमकं नाव कळल्याशिवाय नेमकं औषध देता येत नाही. खरी काळजी रक्तस्रावाची. म्हणून आधी आयएनआर आणि प्लेटलेट बघतात आणि नंतर मुलाला काही तास, बहुधा रात्रभर, नजरेखाली ठेवतात. त्या रात्री मूल पांढरं पडलं, नाडी जोरात चालू लागली, पोट किंवा उजवा खांदा खूप दुखू लागला तर सिस्टरांना लगेच उठवा.

खर्च आणि फाइल

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल होण्याआधीच तिथे जा. शिधापत्रिका, आईबाबांची आधार कार्डं आणि बाळाचा जन्मदाखला सोबत ठेवा. खासगी धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. ससूनचा पर्याय आहेच.

बाळाचे पहिले रिपोर्ट आईच्या नावाने असतात आणि बारशानंतरचे बाळाच्या नावाने. दोन नावांमुळे पुढे गोंधळ होतो, म्हणून प्रत्येक रिपोर्टावर जन्मतारीख आणि आईचं नाव लिहून घ्या. एक वही करा: तारीख, वजन, डायरेक्ट बिलिरुबिन किंवा एएफपी, आयएनआर. ऑपरेशननंतर एएफपी साधारण ५ ते ७ दिवसांत निम्मा होत जायला हवा, आणि ते उतरणं वहीत एका नजरेत दिसतं.

दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला जाणार असाल तर नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. सीटी-एमआरआयची सीडी, बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक हे तिन्ही इथल्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. मागितल्यावर मिळायला दोन-तीन दिवस जातात, हे धरून तिकीट काढा. आणि सीडी निघायच्या आदल्या दिवशी एखाद्या संगणकावर उघडून बघा. रिकामी सीडी घेऊन मुंबईला पोचलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. त्या दीड वर्षाच्या मुलाला पुन्हा उपाशी ठेवून, पुन्हा भूल देऊन सीटी करावा लागला.